अंतेवासी : उल्हास खोऱ्यातील एक शिलालेख आणि कन्फ्यूशियसचा विद्याविचार

विद्या ही आयुष्याच्या आरंभीच्या काही वर्षांत उरकून टाकण्याची गोष्ट आहे, की अखेरच्या श्वासापर्यंत करीत राहण्याची? आणि शिकविणारा हा शिकणाऱ्याचा कोण लागतो? प्राचीन जगात या दोन प्रश्नांचा ज्यांनी मनापासून विचार केला त्यांत चीनमधील कन्फ्यूशियसचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९ असा मानला जातो, म्हणजे भगवान बुद्धांच्या काळाशी तो जवळपास जुळतो. शिकण्याचा कंटाळा न येणे आणि शिकविताना न थकणे, एवढेच आपले भांडवल आहे, असे तो सांगत असे. त्याचे हे म्हणणे आपल्याकडे शिक्षकदिनाच्या भाषणांतून वारंवार कानी पडते. परंतु याच प्रश्नांना आपल्या पायाखालच्या भूमीने कोणते उत्तर दिले होते, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. ती येथे करावी असा आमचा विचार आहे, आणि त्यासाठी बदलापूर सोडून फार लांब जाण्याचे कारण नाही.

बदलापूर गाव उल्हास नदीच्या काठी वसले आहे. रेल्वे आली, स्टेशनाभोवती नवे शहर वाढले, पण मूळ गाव नदीला धरून राहिले. येथे प्रवासी घोडे बदलीत म्हणून बदलापूर, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, हा रहदारीचा रस्ता होता एवढे तीतून कळते. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असा प्रवास करीत कल्याणला पोचते. प्राचीन काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतून घाटमाथ्याकडे जाणारा व्यापार अशाच खोऱ्यांतून चाले. घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर लेणी खोदली गेली ती या वाटांच्या आधाराने. बदलापूरहून कर्जतची गाडी धरावी, तेथून कोंदिवडे गावी जावे आणि राजमाचीच्या पायथ्याचे जंगल चढावे, म्हणजे आपण कोंडाणे लेण्यांपाशी येतो.

कोंडाण्याचे चैत्यगृह हे महाराष्ट्रातील प्राचीनतम चैत्यगृहांपैकी एक होय. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरविण्याचा काळ तो, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस एका मोठ्या यक्षमूर्तीचे भग्न मस्तक उरले आहे. त्याच्या जवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. राजाचे नाव नाही, दानाची रक्कम नाही, वंशावळ नाही, वर्णाचा उल्लेख नाही. करणाऱ्याने आपली ओळख दिली ती आपल्या शिक्षकाच्या नावाने, आणि शिक्षकाचे नाव स्वतःच्या आधी घातले. कण्ह कोण होता हे सांगणारे दुसरे साधन नाही. तो आज आपल्याला माहीत आहे तो केवळ त्याच्या शिष्याने त्याचे नाव दगडात ठेवले म्हणून.

‘अंतेवासी’ म्हणजे जवळ राहणारा. शिकण्यासाठी जो शिक्षकाच्या सान्निध्यात राहतो तो. विनयपिटकात आचार्य आणि अंतेवासी ही जोडी पदोपदी येते, म्हणून हा बलक भिक्षू असावा असा तर्क करता येतो. परंतु मथुरेजवळच्या पारखम येथील प्रसिद्ध यक्षमूर्तीवरही, कुणिकाचा अंतेवासी गोमितक याने ती घडविली, अशाच धाटणीचा लेख आहे. आपल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडविणारा कण्हदास हा सोनार असल्याचे कोरलेले आहे. हे लेख शेजारी ठेवले असता बलक हा कारागीर असावा, छिन्नी-हातोड्याची विद्या त्याने कण्हापाशी राहून घेतली असावी, हाच अर्थ आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. आणि त्यातच या ओळीचे महत्त्व आहे. जो शब्द विहारात धम्म आणि विनय शिकणाऱ्या भिक्षूसाठी वापरला जाई, तोच शब्द दगड फोडणाऱ्या हातांसाठीही वापरला जाई, आणि तो चैत्याच्या दर्शनी भागावर कोरण्यास संघाची हरकत नव्हती. कान्हेरीच्या लेखांतही कल्याणचा सोनार सामिदत्त पाण्याचे टाके देतो आणि कल्याणचाच नंद नावाचा लोहार वाट बांधून देतो. आपल्या धंद्याचा उल्लेख हे लोक संकोचाने करीत नाहीत. नावाला जोडून करतात.

आता कन्फ्यूशियसकडे वळू. त्याची परिस्थिती बेताची होती. लहानपणीच वडील वारले. तरुणपणी त्याने कोठारावरची आणि गुरांवरची हलकी कामे केली, आणि गरिबीमुळेच आपल्याला अनेक किरकोळ कामे येतात, हे तो मोकळेपणाने सांगे. पंधराव्या वर्षी विद्येकडे मन लावल्यापासून सत्तराव्या वर्षापर्यंत आपण टप्प्याटप्प्याने कसे घडत गेलो, याचा त्याने दिलेला हिशेब प्रसिद्ध आहे. शिक्षण पूर्ण झाले असे एकही वर्ष त्या हिशेबात येत नाही. शिक्षणात वर्गभेद नसावा, ही त्याची भूमिका होती. वाळवलेल्या मांसाची जुडी एवढी किरकोळ गुरुदक्षिणा घेऊन येणाऱ्यालाही त्याने परत पाठविले नाही. ज्याला जाणण्याची तळमळ नाही त्याला तो शिकवीत नसे. चौकोनाचा एक कोपरा दाखविल्यावर उरलेले तीन ज्याने स्वतः शोधावेत, असा शिष्य त्याला हवा असे. यान ह्वै हा त्याचा सर्वांत आवडता शिष्य. पण हा आपले प्रत्येक बोलणे मान्य करतो, त्यामुळे आपल्याला याची काही मदत होत नाही, अशी प्रेमळ तक्रारही त्याने केलेली आहे. शिष्याच्या शंकेवाचून शिक्षकाची वाढ खुंटते, हे त्याला उमगले होते.

हे सर्व आदरास पात्र आहे. मात्र आदर करताना डोळे मिटून चालणार नाही. फान ची नावाच्या शिष्याने एकदा शेती आणि भाजीपाला लावण्याची विद्या विचारली, तेव्हा आपण जुन्या शेतकऱ्याची बरोबरी करू शकत नाही, असे सांगून कन्फ्यूशियसने त्याला वाटेला लावले. आणि तो बाहेर पडल्यावर त्याला कोत्या मनाचा ठरविले. वरिष्ठांनी सदाचार पाळला की शेतकरी आपोआप येऊन मिळतील, त्यांना शेती कशाला हवी, असा त्याचा युक्तिवाद. ज्याने स्वतः हलकी कामे केली होती त्याच्याच विचारात हातांची विद्या आणि ग्रंथांची विद्या यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. पुढे त्याच्या नावाने जी परीक्षापद्धती चीनमध्ये रुजली व इ.स. १९०५ पर्यंत टिकली, तिने ही भिंत आणखी उंच केली. विद्या म्हणजे अधिकारपदाकडे जाण्याचा जिना, असे समीकरण तेथे झाले.

गंमत अशी की या भिंतीला भगदाड पाडण्याचा एक मोठा प्रयत्न ज्याने केला तो बौद्ध धम्माचा कट्टर विरोधक होता. हान यू हा थांग काळातील कन्फ्यूशियसपंथी लेखक. इ.स. ८१९ मध्ये सम्राटाने बुद्धधातूचे राजवाड्यात स्वागत केले तेव्हा त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहून त्याने सम्राटाचा रोष ओढवून घेतला आणि दक्षिणेकडे त्याची पाठवणी झाली. त्याच हान यूने नवव्या शतकाच्या आरंभी शिक्षकाविषयी एक छोटा निबंध लिहिला होता. ज्याच्यापाशी सत्य आहे तो शिक्षक, मग तो वयाने लहान असो की मोठा, दर्जाने उच्च असो की नीच, असे त्यात प्रतिपादन आहे. वैद्य, वादक आणि नाना प्रकारचे कारागीर एकमेकांपासून शिकण्यात लाज मानीत नाहीत, पण विद्वान म्हणविणाऱ्यांना ती लाज वाटते, हा त्याने आपल्याच वर्गाला मारलेला टोला आहे. शिष्य शिक्षकाहून कमी असलाच पाहिजे असे नाही, असेही तो म्हणतो. धम्माचा हा शत्रू, परंतु बलक आणि कण्ह यांचे नाते त्याला नीट कळले असते, असे आम्हांस वाटते.

ज्या संघासाठी कोंडाण्याचे लेणे खोदले गेले त्या संघाचे नियम या बाबतीत काय सांगत होते? विनयपिटकाच्या महावग्गात आचार्य आणि अंतेवासी यांची परस्परांविषयीची कर्तव्ये बारकाईने नोंदलेली आहेत. शिष्याने पहाटे उठून दातवण, पाणी, आसन द्यावे, चीवर नीट ठेवावे, विहार झाडावा, हे तर आहेच. इतके वाचून कोणी म्हणेल, ही तर नेहमीची गुरुसेवा. पण पुढे वाचले पाहिजे. शिष्य आजारी पडला तर हीच सर्व सेवा आचार्याने शिष्याची करावयाची आहे. दातवणासुद्धा! आणि आचार्याच्या मनात शंका उत्पन्न झाली, किंवा त्याने चुकीची दृष्टी धरली, तर ती दूर करणे हे शिष्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. त्या काळच्या अन्य गुरुपरंपरांत गुरूची दृष्टी चुकू शकते, आणि ती सुधारण्याची जबाबदारी शिष्यावर आहे, असे सांगणारा नियम सहसा आढळत नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थांसाठीही हीच रचना आहे. शिष्याची पाच कर्तव्ये आहेत, तशीच शिक्षकाचीही पाच आहेत, आणि आपल्याला येते ते सर्व काहीही न लपविता शिकविणे हे त्यांत येते. तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या आधी आनंदाला सांगितले की आपल्या शिकवणुकीत आचार्याची बंद मूठ नाही, आत एक आणि बाहेर एक असा भेद नाही. बंद मुठीचा हा दाखला कारागिरांच्या जगाला चटकन समजणारा होता. कसबाचे शेवटचे मर्म शेवटपर्यंत हातचे राखणारा उस्ताद आजही सर्वांच्या परिचयाचा आहे.

आयुष्यभर शिकण्याविषयीही विनयात एक मार्मिक तरतूद आहे. नव्या भिक्षूने आचार्याच्या आश्रयाने दहा वर्षे राहावे असा प्रथम नियम झाला. नंतर, जो बहुश्रुत व समर्थ आहे त्याला पाच वर्षे पुरेत, आणि ज्याला तेवढी समज आली नाही त्याने जन्मभर आश्रयाने राहावे, असे ठरले. म्हणजे वर्षे मोजून विद्या पुरी होत नाही.

या परंपरेत स्त्रियाही होत्या. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांमधील एका दानलेखात प्रव्रजिता पदुमनिका आपल्या बोधी आणि असाळ्हमिता या दोन अंतेवासिनींसह दान देते. तिची आईही प्रव्रजिता होती. कान्हेरीच्या एका लेखात थेर घोष यांची अंतेवासिनी म्हणविणारी भिक्षुणी दाती आहे. शिकणारी, शिकविणारी, आणि आपल्या नावाने दान कोरविणारी स्त्री आपल्या कोकणात सुमारे अठरा-एकोणीस शतकांपूर्वी होती. कन्फ्यूशियसच्या शिष्यांची संख्या परंपरेने तीन हजार सांगितली जाते. त्यांत स्त्रीचे नाव आढळत नाही.

चीनच्या विद्याविचाराची आणि आपल्या या परंपरेची गाठ प्रत्यक्षात पडली ती चिनी यात्रेकरूंमुळे. युआन श्वांग याचा जन्म कन्फ्यूशियसपंथी विद्वानांच्या घराण्यात झाला होता. बालपणी त्याने ते ग्रंथ वडिलांपाशी वाचले. पुढे भिक्षू झाल्यावर आपल्या भाषेतील अनुवादांत मतभेद आहेत, मूळ पाहिलेच पाहिजे, या ध्यासाने तो इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला. नालंदेत वृद्ध आचार्य शीलभद्रांपाशी तो अंतेवासी होऊन राहिला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही आला. येथे शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्षू असल्याची नोंद त्याने केली आहे. इ.स. ६४५ मध्ये परतल्यावर, ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो अनुवाद करीत आणि शिकवीत राहिला. पंचाहत्तर ग्रंथ त्याने चिनी भाषेत आणले. न कंटाळता शिकणे आणि न थकता शिकविणे याचे याहून चांगले उदाहरण कन्फ्यूशियसच्या पंथालाही सहज देता येणार नाही. त्याच्यानंतर आलेल्या इ-त्सिंगने येथील आचार्य-शिष्यसंबंधांवर आपल्या वृत्तांतात स्वतंत्रपणे लिहिले आहे. शिष्य आजारी असता आचार्य पोटच्या पोराप्रमाणे त्याची शुश्रूषा करतो, हे त्याने मुद्दाम नमूद केले. महावग्गातील नियम हजार वर्षांनंतरही केवळ पोथीत उरला नव्हता, याची ही परकीय साक्ष होय.

मग ही परंपरा तुटली कशी? त्याचा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. धर्मसूत्रांनी आणि स्मृतींनी शूद्राच्या कानावर विद्या पडू नये म्हणून दंड लिहिले. महाभारताने एकलव्याची कथा गुरुभक्तीचा आदर्श म्हणून पुढे ठेवली. त्या कथेतला गुरू काही शिकवीत नाही आणि अंगठा मात्र घेतो. तिच्यावर पोसलेल्या समाजाला कोंडाण्याची ती ओळ वाचता येणे कठीणच होते. ब्राह्मी लिपी तर तो केव्हाच विसरला होता. कारागिराचा हात आणि विद्या यांची ताटातूट झाली, आणि बलकाचे वंशज शिकण्यास अपात्र ठरले. गुरुभक्ती हा शब्द उच्चारला की आमच्या माणसाच्या मनात संशय उभा राहतो तो यामुळे, आणि तो संशय योग्यच आहे. आचार्याविषयीचा आदर आणि आचार्यापुढची शरणागती यांतला फरक विनयाने स्पष्ट केला होता. तो फरक पुसला गेला तेव्हा आदराचे रूपांतर गुलामीत झाले.

या तुटलेल्या धाग्याची टोके आधुनिक काळात पुन्हा हाती आली. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ पासून मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्या, आणि १८५५ मध्ये श्रमकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली. दिवसभर राबलेल्या प्रौढाला अक्षर शिकण्याचा हक्क आहे, हे मानणे त्या काळी क्रांतिकारकच होते. पालीच्या क्षेत्रात गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे नाव घ्यावे लागते. जन्म १८७६ चा. १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हे गृहस्थ सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांपाशी विद्यार्थी म्हणून बसले. परतल्यावर, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून कलकत्त्याची बऱ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट हे त्यांचे विद्यार्थी. मराठी वाचकाला त्रिपिटकाची दारे उघडी झाली त्यामागे असे एक जुन्या अर्थाचे अंतेवासित्व आहे.

आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७ च्या मे महिन्यात ते आमच्या बदलापुरास आले होते, शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. महाडचे चवदार तळे ओलांडून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. त्याच वर्षी जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. पदवी त्यांना रीतसर प्राप्त झाली. लंडनची डी.एस्सी. त्यांनी त्याआधीच, १९२३ मध्ये, मिळविली होती. पदव्यांच्या दृष्टीने त्यांचे शिक्षण संपले होते. त्यांच्या दृष्टीने ते संपले नव्हते, हे पुढील तीस वर्षांवरून दिसते. उतारवयात, मधुमेहाने आणि सांधेदुखीने शरीर पोखरले असताना, त्यांनी पाली कोश आणि व्याकरणाचे काम अंगावर घेतले.

शिकविण्याच्या बाबतीतही त्यांची दृष्टी जुन्या संघाशी जुळते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ ची. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला दिवसाचे काम सांभाळून शिकता येई. कारकून, गिरणी कामगारांची मुले, पोस्टातले शिपाई अशांसाठी ही सोय होती. कल्याणपलीकडच्या गावांतून पहाटेच्या गाडीने मुंबई गाठण्याचा अर्थ आम्हां बदलापूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९५० मध्ये औरंगाबादला निघालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. वस्तुतः मिलिंद हा शिकविणारा नव्हे. तो प्रश्न विचारणारा, वादात हरणारा आणि हरल्याचे मान्य करणारा राजा होय. शिक्षणसंस्थेला गुरूचे नाव न देता शिष्याचे द्यावे, हा निर्णय आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. नागसेनाने संवादाला संमती देताना अटच घातली होती की बोलणे पंडितांच्या रीतीने व्हावे, राजांच्या रीतीने नव्हे. कारण पंडित चूक दाखविल्यावर रागावत नाहीत. याच मिलिंदपञ्हात आचार्याने अंतेवासीशी कसे वागावे याच्या पंचवीस गोष्टी सांगितल्या आहेत. शिष्याची झोप, त्याचे आजारपण, त्याला अन्न मिळाले की नाही, इथपर्यंत आचार्याने लक्ष घालावे अशी त्यात अपेक्षा आहे.

‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथावर बाबासाहेब पाच वर्षांहून अधिक काळ खपले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी त्याच्या प्रस्तावनेचे टंकलिखित पुन्हा नजरेखालून घालण्यासाठी पलंगाजवळ मागवून घेतले होते, असे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. वय पासष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद तसेच तेथे होते. ग्रंथ १९५७ मध्ये छापून निघाला. प्रकाशक होते सिद्धार्थ महाविद्यालय.